वारसा म्हणता, मग वारसांना विचारा

(शिवडीत आपल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो ते आठवून लिहून काढलं आहे. भाषा सुधारली नाही.)



मला भाषण येत नाही. गोदीत जहाजाच्या फाळक्यातून वर हाक मारायची सवय, त्यामुळं आवाज चढला तर सांभाळून घ्या. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. आज घराबद्दल बोलायचंय. दहा बाय सोळाच्या घराबद्दल.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या चाळीत वीस-पंचवीस माणसं शिरली. मी रात्रपाळी करून येऊन पॅसेजमध्ये नुकताच पसरलो होतो. डोळे उघडले तर डोक्याशी बूट आणि छातीवर कॅमेरे. एक बाई पुढं उभी राहून इंग्रजीत काय काय सांगत होती. त्यातला ‘हेरिटेज’ हा शब्द मला कळला, कारण तो चार-चारदा येत होता. आमच्या खोलीचं दार उघडं होतं. आजी मोरीत भांडी घासत होती. एकानं न विचारता तिचा फोटो घेतला. आजीनं मला हाक मारली, “कुणाची मयत झाली का रं? येवढी माणसं कशापायी आल्याती?”

म्हणलं, “मयत नाही आजी, घर बघायला आलेत.”

“कुणाच्या लग्नाचं?”

“लग्नाचं नाही गं. जुनं घर म्हणून बघायला आलेत.”

आजी म्हणाली, “मंग संडास दाव की त्यास्नी. त्यो बी जुनाच हाय.”

मी खरंच त्यांना संडासाकडं घेऊन गेलो. दोघं-तिघं आत डोकावले, बाकीचे जिन्यावरून परत फिरले. संडासाचा फोटो कुणी काढला नाही.

मित्रांनो, माझं सगळं भाषण आजीच्या त्या एका वाक्यात आहे. बाकीचं आता फोडून सांगतो.

पहिला प्रश्न, हे घर बांधलं कुणी आणि कशासाठी? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, गावाकडं पळाली, गिरण्या ओस पडायला लागल्या, तेव्हा मालकांच्या आणि सरकारच्या डोक्यात उजेड पडला की मजूर जगला पाहिजे. १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं घाण वस्ती म्हणून घरं पाडली, रस्ते काढले, काही चाळी बांधल्या. त्या बीआयटी चाळी. मग पहिलं महायुद्ध झालं, गिरणीवाल्यांनी बक्कळ पैसा केला आणि मजूर मात्र खोली खोली करत फिरू लागला. १९२० ला गव्हर्नर लॉईडच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर बसवला आणि त्या पैशाच्या भरवशावर पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत आखला. झाल्या सोळा हजारांच्या वर थोड्याशा. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि आपल्या शिवडीला १२. एकूण २०७. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फूट. संडास सगळ्यांचा मिळून.

ही दया नव्हती. गिरणीच्या भोंग्याला माणूस वेळेवर हजर पाहिजे म्हणून केलेली सोय होती. बैलाला गोठा बांधतात तसा. आणि गोठासुद्धा असा बांधला की भाडं परवडेना, म्हणून सुरुवातीला कैक खोल्या रिकाम्या पडल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारनं वरळीच्या चाळींत सत्याग्रही कोंडले. जागेचा जेल करायला फार काही बदलावं लागलं नाही, हे ध्यानात घ्या. एकच इमारत, काल तुरुंग, आज घर. हा या वास्तूचा पहिला गुण. वास्तुशास्त्रवाल्यांनी लिहून घ्यावा.

आता हे लोक सांगतात की कामगाराचं घर म्हणजे सामूहिक जीवन. दारं उघडी, एकाची भाजी दुसऱ्याच्या ताटात, गणपती, दहीहंडी, कॅरम, भजनी मंडळ. खोटं नाही. मी ते खाल्लंय, खेळलोय. पण दार उघडं का होतं? आत दहा माणसं मावत नव्हती म्हणून. आम्ही पॅसेजमध्ये का झोपलो? हौसेनं? एक खाट आणि तीन पाळ्या, एक उठला की दुसरा तिच्यावर. नवीन लग्न झालेल्या जोडप्यासाठी सगळं घर रात्री पिक्चरला जायचं नाहीतर पायऱ्यांवर बसायचं, ह्याला सामूहिक जीवन म्हणतात होय? म्हणणाऱ्यानं स्वतःच्या सुनेला एक महिना इथं आणून ठेवावं.

माझी आत्या वरळीच्या चाळीत लग्न होऊन आली. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या १४ ऑगस्टला, वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात तिची एक. पाचशे चौरस फूट. मी बघायला गेलो. म्हणलं, “आत्या, कसं वाटतंय?” तिनं हॉल दाखवला नाही, खिडकीतला समुद्र दाखवला नाही. मला न्हाणीघराच्या दारात उभं केलं आणि म्हणाली, “पन्नास वर्षांत पहिल्यांदा कडी लावून आंघोळ केली रे बाबा. घाई न करता.” आणि बाई रडायला लागली.

तेव्हा जुन्या घराची आठवण काढून उसासे टाकणाऱ्या साहेबांनी माझ्या आत्याच्या त्या कडीकडं एकदा बघावं. मी पाडायच्या बाजूचा आहे. हे आधी साफ सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. आमच्या शिवडीच्या बारा चाळी पोर्टाच्या जमिनीवर. २०१७ ला वरळी, नायगाव, डिलाईल रोडचा नारळ फुटला तेव्हा आम्ही बाजूला राहिलो. ज्या गोदीसाठी आम्ही पाठीची सालटी काढली, तिच्याच जमिनीनं आमचा पाय धरून ठेवला. आम्हाला घर पाहिजे. माणसाला राहण्यालायक घर. तिथं वारशाचं तोरण आडवं लावून कुणी आम्हाला आणखी वीस वर्षं त्याच संडासाच्या रांगेत उभं करणार असेल, तर ते तोरण आम्ही ओरबाडून काढू.

दुसरी गोष्ट, जातीची. मी ती काढली की बैठकीतले काही साथी अस्वस्थ होतात. होऊ द्या.

ह्यांचा ‘कामगार’ कोण आहे? ह्यांच्या कामगाराला आडनाव नाही, गाव नाही, जात नाही. नुसता सदरा, लेंगा आणि जेवणाचा डबा. माझा आजा गिरणीत होता, पण साचेखात्यात नव्हता. का नव्हता? धोट्यात नवीन कांडी भरली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. अस्पृश्याच्या थुंकीचा धागा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून साचेखातं आमच्या माणसांना बंद, आणि पगार जास्त तो साचेखात्यातच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. कामगार एक असेल तर साचेखात्याचं दार आम्हाला का लागलंय? जे गिरणीत तेच चाळीत. गावात महारवाडा गावकुसाबाहेर, मुंबईत चाळीचा नंबर वेगळा. वरळीत कुठली चाळ बौद्धांची आणि कुठली मराठ्यांची हे पोस्टमनलाच नव्हे, पोलिसांच्या बंदुकीलाही माहीत होतं.

५ जानेवारी १९७४. वरळीचं आंबेडकर मैदान, पँथरची सभा. दंगल पेटली, गोळीबार झाला, रमेश देवरुखकर गेला. १० जानेवारीला परळला मोर्चा. वरून दगडी पाटा आला आणि भागवत जाधव गेला.

पाटा, मित्रांनो. मिरची वाटायचा पाटा. उद्या कुणी कामगाराच्या घराचं म्युझियम काढेल, त्यात पाटा-वरवंटा ठेवील, खाली पितळी पट्टी लावील: पारंपरिक स्वयंपाकाचं साधन. मी त्या पट्टीखाली स्वतःच्या हातानं खडूनं लिहीन की ह्याचा आणखी एक उपयोग १९७४ साली परळला झाला. म्युझियमवाल्यांनी मला बाहेर काढलं तरी चालेल. जिथं पाट्याची अर्धीच गोष्ट सांगतात तो वारसा नाही, ती रंगरंगोटी आहे.

आता तिसरी गोष्ट. दोन घरांची. ही नीट ऐका.

परळला पोयबावडीजवळ बीआयटीची एक नंबरची चाळ. दुसऱ्या मजल्यावर खोली नंबर ५० आणि ५१. एकीत संसार, दुसरीत पुस्तकं. १९१२ पासून १९३४ पर्यंत, मधली परदेशातली आणि बडोद्याची वर्षं सोडली तर, बाबासाहेबांचा मुंबईतला पत्ता हाच. ‘मूकनायक’ निघालं १९२० ला, तेव्हा पत्ता चाळ. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ला, पत्ता चाळ. महाडचं तळं १९२७ ला, पत्ता चाळ. काळारामाचा सत्याग्रह आणि लंडनची गोलमेज परिषद १९३० ला, पुणे करार १९३२ ला, पत्ता तोच. ज्यानं पाण्याला हात लावून हिंदू धर्माचा पाया हलवला तो माणूस मुंबईत सामायिक नळाच्या चाळीत राहत होता. पोरं ह्याच चाळीत खेळली आणि गेली. राजरत्न १९२६ ला गेला. दादरच्या राजगृहाचा उंबरा त्यानं पाहिला नाही.

दुसरं घर लंडनचं. १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब तिथं १९२१-२२ ला राहिले. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ साली विकत घेतलं, तीस कोटींच्या वर रुपये मोजून. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. बाहेर पाटी आहे. चांगलं झालं. मी त्याच्या विरोधात नाही. आपली पोरं तिथं जातात तेव्हा त्यांची छाती फुगते, फुगू दे.

पण हिशेब करा. १९२१-२२ ला बाबासाहेब लंडनच्या त्या घरात अर्धपोटी अभ्यास करत होते. त्याच साली, त्याच रात्री, परळच्या खोलीत कोण होतं? रमाई होती. पोराबाळांना घेऊन, चार आण्याला आठ आणे करत, नवऱ्याच्या पत्राची वाट बघत होती. लंडनच्या घराची चूल परळच्या खोलीनं पेटवली. मग घर एक की दोन? ज्या घरात बॅरिस्टर अभ्यास करतो ते सरकारला दिसतं, कोट्यवधी देऊन विकत घ्यावंसं वाटतं. ज्या घरात त्याची बायको उपाशी राहते ते घर दिसत नाही. परळच्या वाट्याला काय आलं? बाबासाहेबांनंतर त्या खोल्यांत दुसरी बिऱ्हाडं राहिली. ६ डिसेंबरला, १४ एप्रिलला आपली माणसं चपला बाहेर काढून उंबऱ्याला डोकं टेकवून जात राहिली. स्मारकाच्या घोषणा झाल्या, मंत्री जिना चढले, हार घातले, जिना उतरले.

घराची किंमत कोणत्या गावात आहे त्यावर ठरते, एवढं ज्ञान मला ह्या दोन घरांनी दिलं. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. हायकोर्ट, विद्यापीठ, मरीन ड्राईव्हच्या गोल गच्च्या. त्या बांधणाऱ्या गवंड्याचं, पाथरवटाचं, घमेली वाहणाऱ्या बाईचं घर कुठल्या यादीत आहे? साहेबाचं ऑफिस वारसा, मजुराचं घर झोपडपट्टी.

मग पाडायच्या बाजूचा मी, हे असं का बोलतोय? सांगतो.

पाडणारे दोन प्रकारचे असतात. एक राहायला घर पाहिजे म्हणून पाडतो, तो मी. दुसरा पुरावा नको म्हणून पाडतो. गिरण्या बघा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडला, तो आत गेलाच नाही. जमिनीचं सोनं झालं. मॉल उभे राहिले. आणि एखाद्या मॉलच्या आवारात जुनी चिमणी तेवढी शोभेला ठेवली, रात्री तिच्यावर रंगीत दिवा सोडला. चिमणी ठेवली, माणूस काढला. हे त्यांचं जतन. चिमणी भाडं मागत नाही, पगार मागत नाही, म्हणून ती गोड.

आणि बोट फक्त दुसऱ्याकडं दाखवू नका. २०१६ च्या २५ जूनला पहाटेच्या अंधारात दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं. बाबासाहेबांचा छापखाना त्यात गेला. पाडायचा हुकूम कुणी बामणानं दिला नव्हता, ट्रस्ट आपल्याच माणसांचा होता. आम्ही रस्त्यावर आलो, मोठा मोर्चा निघाला, पण यंत्र मोडल्यावर. पुतळ्याला काळं फासलं तर शहर बंद पाडणारे आपण, ज्या यंत्रावर बाबासाहेबांचा शब्द छापला त्याला जागेपणी राखण बसलो नाही. हे मला टोचतं. तुम्हालाही टोचलं पाहिजे.

दुनियेत कामगाराचं घर जपलंय का कुणी? जपलंय. न्यूयॉर्कला ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट नावाची एक चाळ आहे. १८६३ ची. १९३५ पर्यंत तिच्यात सात हजारांच्या आसपास गरीब माणसं राहून गेली, जर्मन, आयरिश, ज्यू, इटालियन. १९८८ ला तिचं म्युझियम झालं. तिथं नुसती इमारत दाखवत नाहीत, अमक्या खोलीत अमकं कुटुंब होतं, बाप शिंपी होता, पोर कशानं मेलं, भाडं कसं भरलं, ते नावानिशी सांगतात. हे बरोबर आहे. पण तिथंही काळ्या कुटुंबाचं बिऱ्हाड मांडायला २०२३ साल उजाडलं. पस्तीस वर्षं लागली. म्हणजे गरिबाच्या म्युझियममध्येसुद्धा सगळ्यात खालच्याला शेवटी जागा. म्हणून म्हणतो, आपली गोष्ट दुसरा सांगेल म्हणून बसू नका. तो सांगेल तेव्हा आपण गणपतीच्या मांडवात कुठंतरी मागं उभे असू.

आता मुद्द्याचं. शब्द बघा. त्यांना पाहिजे वारसा. आम्हाला पाहिजे वारस दाखला.

आमच्या चाळीतला एक म्हातारा आहे. बाप गेला, खोली बापाच्या नावावर, भाऊ गावाला, कागद अर्धे. एका ऑफिसात दोन वर्षं खेटे घालतोय. वारस म्हणून नाव लागलं नाही तर अपात्र. अपात्र म्हणजे ऐंशी वर्षं तुमच्या घराण्यानं ह्या भिंतीला पाठ टेकली ते सगळं शून्य. परवा त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत १९५० च्या सुमाराच्या भाडेपावत्या सापडल्या. पिवळ्या पडलेल्या, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्या रविवारवाल्यांपैकी एकजण परत आला होता, तो म्हणाला, “हे फार मोलाचं आहे, आम्हाला द्या, जपून ठेवतो.” म्हाताऱ्यानं त्या धोतराच्या सोग्यात गुंडाळल्या आणि म्हणाला, “साहेब, तुमच्यासाठी हा कागद जुना आहे. माझ्यासाठी हा उद्याचा आहे.”

मित्रांनो, कामगाराच्या जुन्या घराची खरी किंमत म्हाताऱ्यानं सांगितली. ते घर पुरावा आहे. आम्ही इथं होतो ह्याचा पुरावा. आम्हाला कसं ठेवलं होतं ह्याचा पुरावा. आणि तसं ठेवूनसुद्धा आम्ही त्यातून काय उभं केलं, ‘मूकनायक’, महाड, पँथर, ह्याचाही पुरावा. गुन्ह्याची जागा आणि लढाईची जागा एकच असेल, तर ती कशी जपायची? धुऊनपुसून नाही. आहे तशी.

म्हणून माझं मागणं असं. आधी जिवंत माणसाला घर, सगळ्यांना, कागद अर्धा असला तरी. ते झालं की मग प्रत्येक ठिकाणची एखादी चाळ तरी ठेवा, पण ठेवायची तर पुरती ठेवा. संडासासकट ठेवा. अंधाऱ्या पॅसेजसकट. कोणती चाळ कुठल्या जातीची होती त्या नकाशासकट. १९३० चा जेल, १९७४ ची गोळी, पाटा, सगळ्यासकट. परळची ५० आणि ५१ नंबरची खोली रमाईच्या चुलीसकट. आणि तिथं सांगायला जी बाई उभी राहील ती त्याच चाळीत वाढलेली पाहिजे, पगारावर, कायम. ठेकेदाराची नको. आम्ही ठेकेदारीचा वारसा रोज गोदीत चालवतोच आहोत.

हे सरकार करील तेव्हा करील. तोवर आपण काय करायचं? घोषणा देऊन चहा पिऊन उठायचं नाही. येत्या रविवारपासून दोघादोघांनी एकेक मजला घ्यायचा. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यावर पोरींचे रील बघता, आता त्यावर म्हाताऱ्यांचे आवाज घ्या. आला कुठून, कुठल्या खात्यात होता, पहिलं भाडं किती भरलं, नळावर भांडण कुणाशी झालं, दंगलीत कुठल्या जिन्याखाली लपला, बाई कुठं बाळंत झाली. बाईला आधी विचारा, बाप्या नंतर. भाडेपावती, रेशनकार्ड, गिरणीचा पास, गोदीचा बिल्ला, सगळ्याचे फोटो घ्या. मूळ कागद त्यांच्याच ट्रंकेत राहू द्या, कुणालाही देऊ नका, आपल्या संघटनेलासुद्धा नाही. एक प्रत म्हाताऱ्याला द्या. म्हातारी माणसं थांबत नाहीत. आमच्या मजल्यावर ह्या पावसाळ्यात दोघं गेले. त्यांच्याबरोबर दोन मजले पडले असं समजा.

मी सुरुवात आजीपासून केलीय. काल रात्री मोबाईल तिच्यापुढं धरला. म्हणलं, “आजी, ही चाळ पडली तर काय ठेवू?” ती बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली. मला वाटलं, बाबासाहेबांच्या फोटोचं म्हणेल, नाहीतर आजोबांच्या खुंटीचं. ती म्हणाली, “भिंत ठिवू नगंस. भितीवर मी कोळशानं मारलेल्या रेघा हायेत, संपाच्या टायमाला किती दिस चूल पेटली नाय त्याच्या. त्या तेवढ्या मोजून घे.”

मी मोजल्या. रंगाच्या तीन थरांखालून जेवढ्या दिसल्या तेवढ्या. एकतीस भरल्या. खाली आणखी असतील.

रविवारी सकाळी आठ वाजता जिन्यापाशी जमायचं.

जय भीम.